पाण्यातला माणूस आधी

बॅटरी अशी पडत नसते. एक्क्याण्णव टक्क्यांवरून थेट सेहेचाळीसवर, तीही भर दुपारी, सोलर पॅनेलवर रणरणतं ऊन पडलेलं असताना आणि दोन्ही पवनचक्क्या गरगरत असताना, पापणी लवायच्या आत. बॅटरी उतरते ती हळूहळू, म्हाताऱ्या माणसासारखी कुरकुरत. एका फटक्यात निम्मी झाली तर ती उतरलेली नसते, कुणीतरी काढलेली असते. कंट्रोल रूममध्ये एकटी बसलेली धाकटी खुर्चीत ताठ झाली.

धाकटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. नोकरीवर सगळे तिला बाई म्हणत, पण त्या दिवशीचा सगळा गोंधळ ती कुणाची तरी बहीण असण्यावरून झाला, तेव्हा आपणही धाकटीच म्हणू.

तिच्यासमोरच्या पडद्यावर होता तो समुद्रातल्या गॅसचा प्लॅटफॉर्म, किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटरवर. नाव मोठं आणि लक्षण खोटं. एक जाडजूड लोखंडी खांब, त्यावर दोन मजले, तीन विहिरींची तोंडं, आणि चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी एक लोखंडी खोली. ना स्वयंपाकघर, ना पलंग, ना हेलिकॉप्टर उतरायला जागा. संडास म्हणजे एक पिशवी, आणि ती ज्यानं त्यानं आपापली परत न्यायची. तिथं कुणी राहतच नाही. विहिरी किनाऱ्यावरून उघडायच्या, किनाऱ्यावरून बंद करायच्या. त्या अख्ख्या डोलाऱ्याला लागणारी वीज घरातला एक गिझर चालवायला पुरणार नाही, आणि तेवढी ऊन-वारा देतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा बोटीनं माणसं जातात, पुसापुशी आणि तेलपाणी करतात, दिवस मावळायच्या आत परत येतात.

त्या दिवशी दोघं गेले होते, एक इलेक्ट्रिशियन आणि एक फिटर. इलेक्ट्रिशियन तिचा सख्खा भाऊ आणि फिटर तिचा नवरा. कंपनीच एवढीशी होती, की तिथं शिंकलं तरी नात्यातल्याच कुणाच्या तरी अंगावर उडायचं.

बॅटरी पन्नासच्या खाली गेली की प्लॅटफॉर्म आपलं आपण एकेक काम बंद करत जातो. आधी कॅमेरे, मग दिवे, मग वाऱ्याची मोजमापं. रेडिओ, भोंगा आणि व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी. हा क्रम दादानंच ठरवला होता, तिच्याच जेवणाच्या टेबलावर बसून. कॅमेरे पहिले जाऊ देत, असं तेव्हा तीच म्हणाली होती. रिकाम्या प्लॅटफॉर्मवर बघायचं काय, असं तिला वाटलं होतं. आता पडद्यावरच्या आठही चौकटी काळ्या झाल्या.

"कंट्रोलवरून प्लॅटफॉर्म," तिनं रेडिओवर हाक मारली. "दादा, दोनांतली एक बॅटरी दिसत नाहीये. काय चाललंय?"

उत्तर आलं नाही. उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि काय चाललंय हेही.

लग्न दादानंच जमवलं होतं. उंचीवर काम करणाऱ्या या लोकांची एक रीत असते. अंगात घातलेला पट्टा आपला आपण तपासायचा नाही. जोडीदारानं आपला हूक ओढून बघायचा, पाठीवर थाप मारायची आणि "आहे" म्हणायचं. मग आपण त्याचा बघायचा. सात वर्षं दादा आणि फिटर एकमेकांना "आहे" म्हणत आले होते. ज्याच्या शब्दावर आपण जीव टांगतो त्याच्या घरी बहीण द्यायला काय हरकत आहे, असा दादाचा साधा विचार. "सोन्यासारखा माणूस आहे गं," तो तेव्हा म्हणाला होता. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, हे त्या वेळी दोघांनाही सुचलं नाही.

चार वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. फिटर मारायचा तो दिसणार नाही अशा ठिकाणी, कारागीर माणूस ना, मोजूनमापून. बरगडीवर, मांडीवर, केसांच्या आत डोक्यावर. गेल्या वर्षी तिची दोन बोटं कपाटाच्या दारात धरून दार लोटलं होतं. तिनं सगळ्यांना सांगितलं, घसरून पडले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तिच्या झाकलेल्या मुठीत दोन मोडकी बोटं होती.

सोमवारी मात्र त्याचा अंदाज चुकला. त्यानं बसवलेल्या एका व्हॉल्व्हचे दोन बोल्ट सैल निघाले होते आणि तिनं कामाप्रमाणे ते नोंदवहीत लिहिलं होतं, काम कुणाचं ते नावासकट. घरी आल्यावर त्यानं चप्पलही काढली नाही. "माझं नाव लिहिलंस?" म्हणाला. ती हो म्हणाली. त्यानं उघड्या पंजानं डाव्या कानावर अशी लगावली, की ती ओट्यावर आपटली आणि खाली बसली. बसलेलीच्या पोटात त्यानं लाथ घातली, मग दुसरी. मग हात धुऊन जेवायला बसला. सकाळी तिच्या उशीवर रक्ताचा डाग होता आणि डाव्या बाजूचं जग बंद झालं होतं.

ती कामावर आली आणि हेडफोन उजव्या कानाला लावून बसली. मंगळवारचा अख्खा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. बुधवारी सकाळी दादा प्लॅटफॉर्मवर जायचा परवाना घेऊन तिच्या टेबलापाशी आला आणि डाव्या बाजूनं काहीतरी बोलला. तिनं मान वळवली नाही. तो फिरून उजवीकडे आला.

"कानाला काय झालं?"

"दडा बसलाय."

दादा इलेक्ट्रिशियन होता, तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणारा नव्हे. तो पुन्हा डावीकडे गेला आणि त्यानं किल्ल्यांचा जुडगा तिच्या मागे फरशीवर टाकला. ती कागदावर लिहीतच राहिली. त्यानं जुडगा उचलला. तो समोर आला तेव्हा तिला त्याचा चेहरा दिसला आणि सगळं कळलं. चार वर्षांत न विचारलेलं त्यानं एका क्षणात विचारून टाकलं होतं आणि त्याचं उत्तरही त्याला मिळालं होतं.

"मी बघतो," एवढंच तो म्हणाला.

परवाना तिच्या हातात होता. ती सही नाकारू शकत होती. वारा जास्त आहे, लाट मोठी आहे, अशी शंभर कारणं तिला तोंडपाठ होती, आणि शिफ्टचे साहेब बैठकीला बाहेरगावी गेले होते, विचारणारं कुणी नव्हतं. तिनं सही केली, शिक्का मारला आणि कागद दादाच्या हातात दिला. उगाच पांघरूण कशाला घाला, तिला ते हवं होतं. नवऱ्याला कुणीतरी मारावं, चांगलं लोळवून मारावं, आणि ते आपण करू नये, एवढीच तिची इच्छा होती.

बोटीनं दोघांना उतरवलं तेव्हा कॅमेरे चालू होते. खालच्या डेकवर नेहमीची तपासणी झाली. फिटरनं दादाचा हूक ओढला, थाप मारली. दादानं फिटरचा हूक ओढला, एकदा नाही, तीनदा. त्याचे ओठ "आहे" म्हणताना तिनं पाहिले आणि तिचा जीव भांड्यात पडला. दादा त्याला पाडणार नव्हता तर. बोट मागे सरकली आणि लाटेनं खांबावर आपटू नये म्हणून बरीच दूर जाऊन थांबली. मग कॅमेरे बंद पडावेत म्हणून दादानं एक बॅटरी काढली.

तिच्यासमोरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं धाकटी हातावर हात ठेवून बसली होती. पाचव्या मिनिटाला तिच्या मनात आलं, की मार कसा द्यावा हे माहीत असलेला माणूस तिथं एकच आहे आणि तो आपला नवरा आहे. दादानं आयुष्यात कुणाला चापट मारलेली नव्हती. आणि समोरच्याचं तर तेच काम होतं.

किनाऱ्यावरून एकेक कॅमेरा जबरदस्तीनं चालू करता येतो. तिनं खालच्या डेकचा केला.

चित्राला आवाज नव्हता. तिची अटकळ चुकली होती, दादाला मारता येत होतं. तो फिटरच्या छातीवर बसला होता. एका हातानं त्यानं फिटरचं डोकं लोखंडी जाळीवर दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताच्या उघड्या पंजानं त्याच्या डाव्या कानावर मारत होता. हात वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर जायचा. फिटरच्या नाकातोंडातून रक्त येऊन जाळीतून खाली गळत होतं. एका कानासाठी एक तडाखा पुरला असता. दादा अकरावा मारत होता, आणि प्रत्येक तडाख्यानिशी त्याचे ओठ काहीतरी म्हणत होते. तो रडतही होता.

"दादा, बस," ती माईकवर म्हणाली. तिचा आवाज प्लॅटफॉर्मवरच्या भोंग्यातून निघाला असणार, कारण दादानं वर पाहिलं.

तेवढंच झालं. फिटरचा मोकळा हात हत्यारांच्या पेटीत गेला आणि हातभर लांबीचा पाईप पाना घेऊन बाहेर आला. त्यानं तो आडवा फिरवला. दादाचा गुडघा ज्या बाजूला वाकत नाही त्या बाजूला वाकला. दादा कोसळला आणि फिटर उठून उभा राहिला. त्यानं पाना दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

धाकटीनं बोटीला हाक दिली. "कप्तान, ताबडतोब प्लॅटफॉर्मला या. मारामारी झालीय, माणूस जखमी आहे."

"पंचवीस मिनिटं लागतील, बाई," कप्तान म्हणाला. तो तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, कसली मारामारी असं त्यानं विचारलं नाही. इंजिनचा आवाज चढलेला तिला रेडिओतून ऐकू आला.

पडद्यावर पाना खाली आला तो जाळीवर, कारण दादानं लोळण घेऊन फिटरचा पाय ओढला होता. दोघं एकमेकांना धरून कडेकडे घरंगळत गेले. बोटीतून माणसं चढतात तिथं कठडा नसतो, नुसती साखळी असते, आणि ती दोघं चढल्यापासून काढलेलीच होती. फिटर कडेवरून गेला. त्याचा पट्टा ताणला गेला, हूक कडीत अडकलेला राहिला आणि तो डेकच्या खाली लोंबकळू लागला. त्याच्या खाली पंधरा मीटर मोकळी हवा आणि मग पाणी होतं.

दादा पोटावर सरपटत कडेपर्यंत आला. कमरेची केबल सोलायची सुरी त्यानं काढली आणि ताणलेल्या पट्ट्यावर धरली. मग दुसऱ्या हातानं खांद्यावरचा रेडिओ दाबला.

"धाकटे."

"दादा."

"पट्टा समोर आहे आणि सुरी हातात आहे. तू हो म्हण. फक्त हो म्हण, बाकीचं माझ्यावर."

त्या वाहिनीवरचा प्रत्येक शब्द टेप होतो, हे तिला माहीत होतं आणि दादालाही. बोटीवर कप्तान ऐकत होता, खाली लटकणारा फिटर भोंग्यातून ऐकत होता. तिला हो म्हणायची इतकी ओढ लागली, की तिनं दातांनी ओठ धरला.

"नाही," ती म्हणाली. "त्याला वर घे."

"का? तुला अजून पुळका आहे त्याचा?"

"पुळका नाही. तो मेला तर तू तुरुंगात जाशील आणि लोक म्हणतील, बिचारा फिटर, मेव्हण्यानं मारला. त्यानं काय केलं हे कुणालाच कळणार नाही." तिनं श्वास घेतला. "कप्तान, तुम्ही ऐकताय. टेपही चालू आहे. माझ्या नवऱ्यानं सोमवारी माझ्या डाव्या कानाचा पडदा फोडला. गेल्या वर्षी माझी दोन बोटं दारात चिरडली. चार वर्षं मारतोय. मी सगळ्यांना सांगत आले, की मी पडले. मी कधीच पडले नव्हते. दादा, त्याला जिवंत आण. मला हे सगळं त्याच्या तोंडावर, लोकांसमोर म्हणायचंय."

दादानं सुरी पट्ट्यावरून हलवली नाही.

"ऐकलं, बाई," कप्तान हळूच म्हणाला.

दादानं सुरी म्यान केली. अशा वेळेसाठी तिथं एक सुटकेची कप्पी टांगलेली असते. मोडक्या गुडघ्यानं बसून, पाठ खांबाला टेकवून त्यानं तिचा हूक ताणलेल्या पट्ट्यात अडकवला आणि हँडल फिरवायला घेतलं. प्रत्येक फेऱ्याला त्याचं तोंड वेडंवाकडं होत होतं. वीतभर, वीतभर करत फिटरचं डोकं कडेच्या वर आलं, मग छाती, मग पाय. फिटर जाळीवर उताणा पडून धापा टाकत राहिला. त्यानं गुंतलेला पट्टा अंगातून सोडवला आणि बाजूला फेकला. दादा खांबाला टेकून डोळे मिटून बसला होता. त्यानं आपली पाण्याची बाटली उचलून फिटरच्या दिशेनं सरकवली.

मेव्हणा मेव्हण्याला पाणी देतोय, एवढं बघून धाकटीला वाटलं, संपलं. माणूस मरणाच्या दारातून ओढून आणलाय, आता तरी माणसासारखा वागेल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. फिटरला आपण मरणार होतो याचं काही नव्हतं, आपल्या बायकोनं आपलं नाव घेऊन सगळं बोटीला ऐकवलं याचं होतं. तो उठला, पाना शोधला आणि बसलेल्या दादाच्या खांद्यावर घातला. हाड मोडलेलं धाकटीला ऐकू आलं नाही, दिसलं. दुसरा घाव डोक्यावर पडला. हेल्मेट उडून पाण्यात गेलं.

"सोड त्याला," ती माईकमध्ये म्हणाली. "सगळं टेप होतंय. बोट येतेय. सोड."

फिटरनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याच्या रक्ताळलेल्या ओठांवरचं वाक्य वाचायला तिला आवाजाची गरज नव्हती. कामावर, चार लोकांत, तो हे वाक्य नुसत्या ओठांनी कितीदा तरी बोललेला होता. घरी ये, मग बघतो. मग तो पुन्हा दादाकडे वळला.

तिच्याजवळ हात नव्हते, बटणं होती. तिनं सायरन दाबला. फिटरनं तो शंभर चाचण्यांत ऐकलेला, त्यानं लक्षही दिलं नाही. तिनं तिन्ही विहिरी बंद केल्या. त्यानं काय होणार होतं? तिसरा घाव दादानं दंडावर झेलला आणि तो आडवा झाला. आता फिटर त्याला लाथा घालत होता, पोटात, अगदी तशाच, एक पाय टेकवून दुसरा मागे घेऊन. आपल्याला लाथ बसते तेव्हा ती अशी दिसते, हे धाकटीनं पहिल्यांदा पाहिलं.

टेबलाच्या उजव्या कडेला काचेच्या झाकणाखाली एक लाल बटण होतं. प्लॅटफॉर्मच्या पाइपांत कोंडलेला सगळा गॅस उंच नळीतून हवेत सोडून देणारं. डेकवर माणसं असताना त्याला हात लावायचा नाही, हा नियम. आग लागली असेल तरच. त्यामुळे तो गॅस सुटल्याचा आवाज डेकवरच्या माणसानं ऐकला, तर त्याचा अर्थ एकच होतो, की आपल्या पायाखाली आग आहे. तिनं झाकण वर केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावरचं चित्र थरथरू लागलं. डेकवरचे कागद, चिंध्या, धूळ उडाली. फिटरच्या हातातून पाना पडला. अशा वेळी काय करायचं ते त्यानंच कितीतरी नव्या माणसांना शिकवलं होतं. जोडीदाराला धरायचं आणि लोखंडी खोलीत जायचं. खोली नाहीच गाठता आली, तर तराफ्याची दोरी आधी कठड्याला बांधायची आणि मगच तराफा पाण्यात टाकायचा. फिटरनं दादाकडे बघितलंही नाही. तो धावत तराफ्याच्या पिंपाशी गेला, पिंप कडेवरून लोटलं आणि दोरी बांधायला विसरला. खाली तराफा फुगला आणि वाऱ्यानं निघून चालला. फिटरनं त्याच्यामागे उडी मारली. पट्टा त्यानं मघाशीच काढून टाकला होता, आणि पाण्यावर तरंगवणारं जाकीटही पट्ट्यालाच जोडलेलं असतं.

पाच मिनिटांनी गॅस संपला. डेकवर दादा कुशीवर पडलेला होता आणि त्याच्या डोक्याखालची जाळी काळी दिसत होती.

"दादा, मी आहे," ती म्हणाली. "हलू नकोस. बोट येतेय. ऐकू येत असेल तर हाताचं बोट हलव."

त्याचं एक बोट हललं. मग बराच वेळ तिनं तेच ते बोलत राहावं आणि त्यानं बोट हलवावं, असं चाललं. पुढं पुढं ते हलायला वेळ लागू लागला.

"कंट्रोल, बोटीवरून," कप्तानाचा आवाज आला. "बाई, मी पोचतोय. पाण्यातला मला दिसतोय, तराफ्याच्या अलीकडे शंभरेक मीटर. पोहतोय, पण दमलाय. वाऱ्यानं प्लॅटफॉर्मपासून लांब चाललाय. वरच्याला उतरवायचं तर मला बोट खांबाला लावून धरावी लागेल, दोन माणसं वर चढवावी लागतील. वीस मिनिटं तरी. दोन्ही एका वेळी जमणार नाही. आधी कोण?"

हा प्रश्न कप्तानानं तीस वर्षांत कुणाला विचारला नसेल. पाण्यातला माणूस आधी. हे बोटीवरच्या स्वयंपाक्यालाही माहीत असतं. त्यात विचारण्यासारखं काही नाही, आणि तरी त्यानं विचारलं, कारण त्यानं मघाशी सगळं ऐकलं होतं.

तिनं पडद्याकडे पाहिलं. "दादा, हाताचं बोट हलव," ती म्हणाली. तिनं सातपर्यंत मोजलं तेव्हा ते हललं.

"वरचा," ती म्हणाली.

"बाई, पाण्यातला फार वेळ टिकणार नाही."

"कळलं मला. आधी वरचा घ्या. हा कंट्रोलचा हुकूम आहे." आणि मग तिनं टेपसाठी स्वतःचं पद, वेळ आणि हुकूम पुन्हा एकदा सावकाश सांगितला. नोंदवहीतही तिनं तेच लिहिलं.

दादाला बोटीनं बाविसाव्या मिनिटाला उतरवलं. त्याचा जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर तो वाचला नसता. फिटर संध्याकाळी सापडला. तराफा त्याच्यापासून फार दूर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्याच्या बाकावर धाकटी बसली होती तिथं कप्तान आला. चौकशीसाठी लिहिलेला जबाब त्याच्या खिशात होता. तो तिच्या उजव्या बाजूला बसला.

"बाई, मी काल रात्रभर विचार केला," तो म्हणाला. "टेपमध्ये फक्त आवाज आहेत. पाणी कसं होतं ते टेपमध्ये नाही. मी लिहिलंय, की लाट मोठी होती आणि पाण्यातल्यापर्यंत मला जाताच आलं नसतं. तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी फरक पडला नसता. बोटीवरची माझी दोन्ही पोरं तेच सांगतील. तुम्ही पुष्कळ सोसलंय."

"जाता आलं असतं?"

कप्तानानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "दहा मिनिटांत," तो म्हणाला. "पण तोवर तुमचा भाऊ राहिला असता की नाही, ते मला सांगता यायचं नाही."

आत दादाच्या डोक्याला पट्टी बदलत होते आणि तो कण्हत होता. आपण आधी नवऱ्याला वर ओढायला लावलं नसतं, तर दादाच्या हातून खून झाला असता. ओढायला लावलं, म्हणून दादाचं डोकं फुटलं. आणि शेवटी माणूस मेलाच, तो आपल्या शब्दानं. रात्रभर तिनं हे उलटसुलट करून पाहिलं होतं. तिला वाईट वाटत होतं, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची तिला शरम वाटत होती.

"लाट मोठी होती असं लिहू नका," ती म्हणाली. "चार वर्षं मी असंच सांगत आले, फरशी ओली होती, जिना अरुंद होता. आता पाण्यावर नको ढकलायला. मी सांगितलं, वरचा आधी. तेच लिहा."

"नोकरी जाईल. कदाचित आणखीही बरंच काही होईल."

"होऊ दे."

कप्तानानं खिशातला कागद काढला, घडी उलगडली आणि मांडीवरच्या टोपीवर ठेवून त्यातल्या दोन ओळी खोडल्या. पोलीस अकराला येणार होते. तोवर तिनं आत जाऊन दादाला चमच्यानं पाणी पाजलं.